नदीपलीकडचा कायदा

मूरहेडमध्ये एकतीस वर्षं मार्लिसनं लोकांचे डोळे तपासले.
मग आम्ही घर विकलं, रेड नदीवरचा पूल ओलांडला,
व्हॅली सिटीत मुलाजवळ राहायला आलो,
आणि इथे ती कुणीच नव्हती.
डोळा तोच. बुबुळ तेच, पडदा तोच,
पण नॉर्थ डकोटाचं म्हणणं, आधी आमचा कायदा पाठ करा.

साठीला दोन वर्षं कमी असताना
ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते,
पाय लोकरी मोज्यांत, चष्मा कपाळावर,
आणि कार्डांवर प्रश्न लिहिते जाड काळ्या पेनानं.
जाड का, हे तिनं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

बाहेर उणे बावीस. गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून
रात्रभर वायरीनं भिंतीला बांधलेलं, जनावरासारखं.
मी विचारतो, ती उत्तरं देते.
डोळ्यांत कोणते थेंब घालता येतात, कोणते नाहीत.
चष्म्याचा नंबर मागितल्यावर द्यायचा, की न मागताच.
परवाना कुठे टांगायचा.
पत्ता बदलला तर मंडळाला किती दिवसांत कळवायचं.
"पत्ता!" ती हसते. "पत्ताच तर बदललाय."

माझं आयुष्य धान्याच्या कोठारावर गेलं.
मुठीत गहू घेऊन त्याचा ओलावा सांगायचो.
कायद्यातलं मला इतकंच कळायचं
की वजनकाट्याला खोटं बोलू द्यायचं नाही.
पण दोन महिने ऐकून ऐकून
कलमं माझ्याही जिभेवर बसली.
तेवढंच बरं झालं.
कारण कार्डाच्या मधोमध मला एक राखाडी डाग दिसतो,
नाण्याएवढा, मी बघेन तिकडे सरकणारा.
कडा दिसतात. खिडकीकडे पाहिलं तर
तिची बोटं दिसतात.

तो डाग पहिल्यांदा तिनंच पाहिला.
अंधारी खोली, यंत्राच्या दोन बाजूंना आमच्या हनुवट्या.
चौतीस वर्षांच्या संसारात इतक्या जवळून
तिनं माझ्या डोळ्यात कधी पाहिलं नसेल.
एक श्वास घ्यायचा ती विसरली.
मग म्हणाली, "आता वर बघा,"
कुठल्याही पेशंटला म्हणते तशी.

"रुग्णाच्या नोंदी किती वर्षं जपायच्या?"
ती आकडा सांगते. लगेच, बरोबर.
मग तिच्या कपातला चमचा बराच वेळ फिरत राहतो.
कॉफीत ती साखर घेत नाही.

परवा तिनं गठ्ठा पिसला.
मला कळलंच नाही. वरचं कार्ड उचललं,
नेहमीचा पहिला प्रश्न विचारला,
वाचल्यासारखा, जरा अडखळत.
ती गप्प. फ्रिजची घरघर.
हातातल्या कार्डावर भलतंच काही असणार.
आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून नियम पाळणारी ही बाई.
म्हाताऱ्या आस्मुंड शेल्स्टादला तिनं तोंडावर सांगितलं होतं,
किल्ल्या बायकोकडे द्या.
तिनं माझ्याकडे पाहिलं असेल. तिचा चेहरा डागात होता.
आणि मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं.
दुसऱ्याचं, तिसऱ्याचंही.
अशी डोळेझाक कुठल्या कलमात बसते,
ते कार्ड तिनं लिहिलेलं नाही.

आज अंधारातच निघालो. परीक्षा बिस्मार्कला, नऊ वाजता.
गाडी आता तीच चालवते.
डांबरावरून भुरभुर बर्फ सरपटत असेल,
टायरांखाली तो ऐकू येतो.
जेम्सटाउनच्या पुढे ती म्हणाली,
"कार्डं टेबलावरच राहिली."
राहिली, की ठेवली?
"असू दे," मी म्हणालो.

कडांना शेतं होती, पांढरी, उजाडत चाललेली.
मधे रस्ता असावा.
मी डोळे मिटले आणि सुरुवात केली.
"सांग. कोणते थेंब?"